पोळ्याची सुटी

परभणीत कुणालाही विचारा, तो माणूस पैशाच्या मागे लागून वाया गेला असंच सांगतील. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात सांगतील, मोंढ्यातल्या धान्यबाजारात सांगतील, आणि ज्यांनी आयुष्यात बास्केटबॉलचा एकही सामना पाहिलेला नाही ते जास्त खात्रीनं सांगतील. "एवढा मोठा करार दारात आला होता. डोक्यात हवा गेली. अजून मागत बसला आणि हातचं घालवलं." ही माहिती इतकी पक्की आहे की ती आली कुठून हे कुणी विचारत नाही. ती माझ्याकडून आली. पण तिथवर यायला थोडा वेळ लागेल. माणूस सांगण्यासारखा आहे, आणि स्वतःची बाजू शेवटी सांगायची सवय मला नोकरीतच लागली.

तो परभणी जिल्ह्यातल्या चुडाव्याचा. उंची साडेसहा फूट. गावात त्याला 'टॉवर' म्हणत. पुढे मोबाइलचा खरा टॉवर गावात आला तेव्हा घोटाळा नको म्हणून त्याला 'जुना टॉवर' म्हणू लागले. मी परभणीतल्या एका शाळेत खेळाचा शिक्षक होतो. शाळेला बास्केटबॉलचं मैदान होतं, कारण कुठल्याशा अनुदानात ते बसलं होतं. उन्हाळ्यात त्यावर शेजारपाजारचे पापड वाळत. मी त्याला घडवलं, असं माझ्या निरोपसमारंभात तीन वक्त्यांनी सांगितलं आणि मी मान खाली घालून ते नम्रपणे ऐकून घेतलं. खरं म्हणजे मी त्याच्या हातात बॉल दिला आणि रिंगकडे बोट दाखवलं. बाकीचं त्यानं आणि त्याच्या उंचीनं केलं. तरी मैदानावरचे पापड मी उचलायला लावले, एवढं श्रेय मला असावं.

पुढे तो पैसे घेऊन खेळणारा खेळाडू झाला. आधी एका बँकेच्या संघात, मग दक्षिणेतल्या एका कारखान्याच्या, मग वाजतगाजत सुरू होऊन गुपचूप बंद पडलेल्या एका लीगमध्ये. करार वर्षाचा असे. वर्ष संपलं की खेळाडू मोकळा. ज्या संघाला हवा असेल त्यानं येऊन बोलावं. या मोकळ्या दिवसांत बाकीच्या खेळाडूंची झोप उडते. ते एजंटांना फोन करतात, जिममधले फोटो टाकतात, कुणाकुणाच्या वाढदिवसाला शुभेच्छा देतात. हा चुडाव्याला येऊन रेल्वे स्टेशनच्या बाकावर बसे. तिथं फोनला रेंज चांगली होती आणि पाय लांब करायला अख्खा फलाट होता.

त्याची एकच अट असायची. सही पाडव्याला. आधी नाही, नंतर नाही.

देशभरातल्या संघांचे मॅनेजर या अटीनं हैराण होत. मुहूर्त पाहणारा धार्मिक माणूस असेल, असं त्यांना वाटे. मला तसं वाटायचं कारण नव्हतं. ज्यांना आमच्याकडची पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतावर वर्षाच्या बोलीनं ठेवलेला गडी म्हणजे सालगडी. त्याचं साल गुढीपाडव्याला संपतं आणि पाडव्यालाच नवं सुरू होतं. त्या दिवशी गडी मोकळा असतो. हवं तर त्याच मालकाकडे राहील, नाही तर दुसऱ्याकडे जाईल. म्हणजे बँका आणि कारखाने इंग्रजीत टाइप करून आणायचे ती गोष्ट आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालू होती. फरक इतकाच, की गड्यानं मालकाकडून आगाऊ उचल घेतलेली असली, तर पाडवा येऊनही ती फिटेपर्यंत तो मोकळा होत नसे.

त्याच्या वडिलांनी लेकीच्या लग्नाला उचल घेतली होती. ते आमच्या शेतावर सालगडी होते. निरोपसमारंभात हा तपशील कुणाच्या भाषणात नव्हता.

आमच्या घरची रीत अशी, की पाडव्याला गडी अंगणात उभा राहायचा. आत माझे वडील आणि आलेला एखादा पाहुणा पान खात बोलायचे. बोलायचे पावसावर, बैलांच्या भावावर आणि मधेच गड्याच्या सालावर. ठरलं की आतून नारळ बाहेर जायचा. गड्याच्या हातात नारळ पडला की साल ठरलं. काय ठरलं हे त्याला नंतर कळायचं. तो नारळ कितीतरी पाडव्यांना मीच नेऊन दिला आहे. त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. मी शिकलेला होतो, त्यामुळे तर मुळीच वाटलं नाही.

तर हा माणूस स्वतःच्या कराराला 'साल'च म्हणे. "यंदा साल बँकेकडं हाय." आणि त्याच्या अटी सालाच्या असत. कपड्यांचे दोन जोड, बूट, परभणीची ज्वारी, कारण बाहेरच्या ज्वारीची भाकरी पोटाला लागत नाही, आणि पोळ्याची सुटी. उचल कधीच घ्यायची नाही. सही करताना खेळाडूला थोडी रक्कम आगाऊ देतात, बाकीचे तिच्यावर डोळा ठेवून असतात. हा ती परत करायचा. "काम झाल्यावर द्या," म्हणायचा. मॅनेजर आपसांत म्हणत, साधा माणूस आहे, व्यवहार कळत नाही.

पोळ्यावरून झालेलं एक बोलणं मी स्वतः ऐकलं आहे. चुडाव्याला शेतावर गेलो की परतीच्या गाडीची वाट बघत मी त्याच्या बाकावर बसायचो. फोनवर कुणी पुण्याकडचा मॅनेजर होता आणि यानं फोन स्पीकरवर लावला होता.

"पोळा म्हणजे नेमकं काय असतं?" तिकडून विचारलं.

"बैलाला सुटी असती त्या दिवशी."

"तुमच्याकडे बैल आहेत का?"

"न्हाईत."

"मग सुटी कशाला हवी?"

"बैलाला देतेत, मग मला द्यायला काय झालं?"

मग मॅनेजर म्हणाला, "वरती विचारून सांगतो." हा फोन ठेवून मला म्हणाला, "बगा सर, बैलाचा मालक बरा. त्याला वरती इचारावं लागत न्हाई."

पाडव्यापर्यंत तो बॉलला हात लावत नसे. एका वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेच्या उद्घाटनाला आम्ही त्याला बोलावलं. एका पुढाऱ्याच्या हस्ते उद्घाटन होतं आणि आपल्या जिल्ह्याच्या सुपुत्रानं एक बॉल बास्केटमध्ये टाकून दाखवावा, असं ठरलं होतं. सुपुत्र आला, हार घालून घेतला, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला. मी जवळ जाऊन दटावलं. "अरे, एकच टाक."

"मोकळ्या माणसानं बॉल धरू न्हाई सर. धरला की लोक मनतेत, फुकट बी खेळतोय की."

शेवटी पुढाऱ्यांनीच बॉल मारला. तो फोटोग्राफरच्या कपाळावर लागला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो नव्हता, पण बातमीत पुढाऱ्यांनी उत्कृष्ट बास्केट केल्याचं आलं होतं.

एजंटांचं आणि त्याचं कधी जमलं नाही. मुंबईहून गॉगल लावलेला एक तरुण त्याला शोधत स्टेशनवर आला होता. तुमच्या वतीनं मी संघांशी बोलतो, तुम्ही फक्त खेळा, असं त्याचं म्हणणं. यानं त्याला चहा पाजला आणि विचारलं, "तुमी खेळलाव का कधी?"

"नाही, मी मॅनेज करतो."

"आमच्या मोंढ्यातला दलाल पोत्यात हात घालून माल तर बगतो. तुमी काय बगायलाव?"

तरुण पुढच्याच गाडीनं परत गेला. मला तेव्हा हा आडमुठेपणा वाटला. आपल्या वतीनं कुणी बोललेलं त्याला का चालत नाही, हे ज्याच्या अंगणात तो वाढला त्याला तरी कळायला हवं होतं.

आणखी एक. तो संघाच्या मालकांना तोंडावर 'मालक' म्हणे. मोठमोठ्या लोकांना ते फार आवडायचं. एका उद्योगपतीनं तर मुलाखतीत सांगितलं, की या मुलात मराठी मातीचा आदर आहे. मला तो शाळेत 'सर' म्हणे आणि शेतावर 'मालक'. दोन्ही शब्द तो एकाच चेहऱ्यानं उच्चारायचा, त्यामुळे दोन्हींत आदरच आहे असं मी धरून चाललो होतो.

आता माझी बाजू.

तो पस्तिशीकडे झुकला तेव्हा त्याचा गुडघा कुरकुरायला लागला होता. धावताना दिसत नसे, पण बाकावरून उठताना दिसायचं. त्या वर्षी एका मोठ्या उद्योगसमूहाच्या संघानं त्याच्यात रस दाखवला. करार तीन वर्षांचा, आणि खेळणं थांबल्यावर त्याच कंपनीत प्रशिक्षकाची कायमची नोकरी. बास्केटबॉल खेळणाऱ्या माणसाला आपल्या देशात याहून चांगलं काही मिळत नाही. हे मिळालं तर म्हातारपणाची सोय झाली, आणि हुकलं तर दुसरं येईपर्यंत त्याचा गुडघा टिकणार नव्हता. हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

मॅनेजर गाडी घेऊन परभणीला आले आणि थेट माझ्या घरी आले. आधी गुरूंना भेटावं म्हणून. मला गुरू म्हणणारा माणूस त्या काळात दुर्मीळ होता. मी निवृत्त झाल्याला बरीच वर्षं झाली होती. मी त्यांना बैठकीत बसवलं आणि याला फोन करून बोलावून घेतलं. तो चुडाव्याहून आला, दारात वाकून आत डोकावला. मी म्हणालो, "जरा बाहेर थांब रे. आम्ही बोलून घेतो."

तो अंगणात थांबला. खिडकीतून त्याचा खांद्यापर्यंतचा भाग दिसत होता. डोकं चौकटीच्या वर होतं. मला आमच्या जुन्या अंगणाची आठवण व्हायला हरकत नव्हती. झाली नाही.

आत आम्ही पावसावर बोललो, परभणीच्या रस्त्यांवर बोललो आणि मधेच त्याच्या करारावर बोललो. मॅनेजर म्हणाले, त्यांच्या त्या ज्वारीच्या अटीचं काय करायचं? मी हसून म्हणालो, "ती त्याची गंमत आहे, मनावर घेऊ नका." पाडव्याला सही? "छे, आजच करेल." पोळा? "लहानपणापासून ओळखतो मी त्याला. आमच्याकडचाच आहे. त्याचं काय विचारायचं?" मॅनेजर खूश झाले. ठरलं म्हणून काही द्यायचं असतं का तुमच्याकडे, असं त्यांनी कौतुकानं विचारलं. मी म्हणालो, आमच्याकडे नारळ देतात. ड्रायव्हरला पाठवून त्यांनी नारळ आणवला, आणि माझ्या हातात दिला. मी तो घेतला.

मग याला आत बोलावलं. त्यानं आधी मेजावरचे कागद पाहिले, मग माझ्या मांडीवरचा नारळ.

"ठरलं का?"

"ठरलं. सही कर इथं."

"किती सालं?"

"तीन."

"अन् पोळा?"

मॅनेजरांच्या देखत मला ते फार गावठी वाटलं. मी म्हणालो, "पोळ्याचं काय घेऊन बसलास? तू काय बैल आहेस का?"

"न्हाई ना," तो शांतपणे म्हणाला. "मनून तर इचारायलो." मग त्यानं विचारलं, "नारळ कुणी घेतला?"

"मी घेतला. कुणीही घेतला तरी एकच आहे."

"मग खेळा तुमी."

एवढंच म्हणाला. आवाज चढवला नाही. माझ्या बायकोनं आणलेला चहा उभ्यानं संपवला, कपबशी आत नेऊन ठेवली, मॅनेजरांना "येतो मालक" म्हणाला आणि दारात वाकून बाहेर गेला. मला त्यानं काहीच म्हटलं नाही. सर नाही आणि मालकही नाही.

मॅनेजर गोंधळले. "असं का केलं त्यांनी?"

खरं उत्तर माझ्या मांडीवर होतं. पण पाहुण्यासमोर माझी शोभा झाली होती, आणि गुरू हा शब्द अजून ताजा होता. मी म्हणालो, "डोक्यात हवा गेली हो. पैसे वाढवून हवेत. या पोरांचं असंच असतं."

हे एक वाक्य. बास्केटबॉलचं जग आपल्याकडे एवढंसं आहे. त्यात सगळे एकमेकांना फोन करतात. पाडव्यापर्यंत माझं वाक्य देशभर फिरून आलं. वाटेत ते वाढलंही, त्यानं करार फाडून फेकला, असं मलाच एकानं सांगितलं आणि मी "हो का?" म्हणालो. पाडव्याला तो नवा शर्ट घालून सकाळपासून स्टेशनच्या बाकावर बसला होता. चहावाल्यानं मला नंतर सांगितलं, "फोन समोर ठिवून बसले हुते. एकदा वाजला. रिचार्जचा हुता." पुढच्या पाडव्याला तो बाकावर आला नाही.

इतकी वर्षं लोक माझ्यासमोर हळहळत आले. "सर, तुम्ही एवढं जमवून दिलं आणि त्यानं मातीत घातलं." मी सुस्कारा सोडायचो. सुस्कारा मला चांगला जमतो. जिल्ह्यात आदर्श गुरू म्हणून माझा सत्कार झाला तेव्हा त्यालाही बोलावलं होतं. तो आला, मागच्या ओळीत बसला, कारण पुढं बसला तर मागच्यांना दिसत नाही. वक्त्यानं डोक्यात गेलेल्या हवेचा दाखला दिला, तेव्हा सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं टाळ्या वाजवल्या. एकदा जरी उठून तो म्हणाला असता, की नारळ कुणी घेतला ते विचारा, तर माझी शाल तिथंच उतरली असती. तो म्हणाला नाही. हा त्याचा मोठेपणा, असं मी स्वतःला सांगितलं आणि शाल घरी आणली.

खेळातल्या कमाईतून त्यानं चुडाव्याला थोडी जमीन घेतली होती. तिच्यात हळद लावतो, ज्वारी पेरतो. सालानं गडी ठेवत नाही. रोजानं माणसं लावतो, संध्याकाळी मजुरी हातात देतो आणि म्हणतो, "जा, मोकळे."

यंदा आमच्या शाळेच्या मुलींचा संघ राज्यापर्यंत गेला. संस्थेला त्यांच्यासाठी प्रशिक्षक हवा झाला. अध्यक्ष मला म्हणाले, "तुमचा शिष्य आहे, तुम्ही सांगितलं की येईल. ठरवून टाका." ठरवून टाका हे शब्द ऐकून मला तो नारळ आठवला. म्हणालो, ठरवत नाही, विचारून येतो.

मी गाडीनं चुडाव्याला गेलो. ऊन चढलं होतं. तो दारातच होता. मी म्हणालो, मुलींना शिकवशील का, म्हणून विचारायला आलोय. त्यानं माझ्याकडे वरून खाली पाहिलं. त्याला सगळ्यांकडे तसंच पाहावं लागतं.

"जरा बाहेर थांबा," तो म्हणाला. "आमी बोलून घेतो."

आणि आत गेला. मी अंगणात उभा राहिलो. आत त्याची बायको होती आणि खाटेवर त्याचे वडील. ते आता फार थकले आहेत, पण आवाज खणखणीत आहे. ते पावसावर बोलले. मग हळदीच्या भावावर. मग बायको कशाला तरी हसली. तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "अरं, मालक उन्हात हायत की."

"असू द्या आबा. बोलणी चालू हायत."

बऱ्याच वेळानं तो बाहेर आला. हातात नारळ वगैरे नव्हता.

"पोळ्याची सुटी."

"दिली," मी म्हणालो, आणि जीभ चावली. "म्हणजे, संस्थेला विचारतो."

"आता कसं. शिकलाव." तो पहिल्यांदा हसला. "ज्वारी नको. घरची हाय. सही पाडव्याला. अन् अजून एक. माझ्याबद्दल तुमी जे सांगितलं व्हतं, ते बोलून सांगितलं व्हतं. आता खरं काय ते लिहून सांगा. संस्थेच्या वार्षिक अंकात. लोकांनी वाचलं पायजे."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर काय न्हाई. मी मोकळाच हाय."

मी विचारलं, पूर्वीच का नाही बोललास? सगळ्यांसमोर संधी होती.

"माझ्या वतीनं तुमी बोललाव. तुमच्या वतीनं मी काहून बोलू?"

अध्यक्षांनी पोळ्याची सुटी मान्य केली आहे. वरती कुणाला विचारावं लागलं नाही. पाडवा आठवड्यावर आला आहे. मुली रोज मैदानावर येऊन विचारतात, नवे सर कधी येणार. ते माझ्या हातात होतं, म्हणून हे लिहिलं. त्यानं कधी पैसे वाढवून मागितले नाहीत. त्याच्या नावाचा नारळ मी घेतला आणि त्याच्याबद्दल खोटं मी बोललो.

त्या दिवशी मी निघालो तेव्हा घसा कोरडा पडला होता. त्याची बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, सरांना चहा तरी इचारा." तो म्हणाला, "लिहून झालं की देऊ. आधी दिला तर उचल व्हईल."